वर्षाच्या मापाचा सदरा

पोटातल्या बाळाचं माप आधी डॉक्टरला कळतं की आईला, यावर इतरांनी खुशाल वाद घालावा. सडक अर्जुनीपासून सालेकशापर्यंत ते सगळ्यांच्या आधी माझ्या बायकोच्या मावशीला कळतं. मी काही सासुरवाडीचं कौतुक करत सुटणारा जावई नाही, हवं तर माझ्या बायकोला विचारा. पण जे खरं ते खरं. ओटीभरण असो, डोहाळजेवण असो, नाही तर हल्ली गोंदियात ज्याला सगळे बेबी शॉवर म्हणतात तो फुग्यांच्या कमानीचा कार्यक्रम असो, मावशीनं नेलेलं अंगडं बाळाला आलं नाही असं एकदाही झालं नव्हतं. बाकीच्यांनी दिलेले कपडे एक तर बाराव्या दिवसापर्यंत आखूड होतात, नाही तर बाळ शाळेत जायला लागलं तरी ढगळच राहतात. मधल्या काळात बाळ जे घालतं ते मावशीचं असतं. मी कुडव्याजवळच्या एका शाळेत गणित शिकवतो. परिमिती, क्षेत्रफळ, सरासरी हे सगळं मला येतं, आणि तरीही बाळाचे कपडे घ्यायला दुकानात उभा राहिलो की माझा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा होतो. त्यामुळे मावशीबद्दलचा माझा आदर हा नुसता नात्यातला नाही, व्यवसायातला आहे.

मावशी तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. तीस वर्षं तिनं पोरांना काट्याच्या झोळीत घातलं, पोरं रडली, तिनं वजन वहीत लिहिलं आणि पुढचं पोर उचललं. निवृत्त झाली तेव्हा काटा सरकारला परत करावा लागला, पण तोवर तो तिच्या हातात उतरला होता. कोणाचंही पोर कडेवर घेऊन ती एकदा किंचित वर झुलवते आणि सांगते, "सहा किलो आठशे. सकाळी दूध पिऊन आलं असंन तं सातशे धरा." उंचीनं बेताची, अंगानं काटक, डोळ्यांवर एका काडीला दोरा बांधलेला चष्मा आणि खांद्याला नायलॉनची पिशवी. त्या पिशवीत पाण्याची बाटली, एसटीचा पास, थोडे मुरमुरे आणि तिचं खरं हत्यार असतं: एक पांढरा सुती नाडा. परकराचाच नाडा तो, बाकी काही नाही. पण त्या नाड्यावर इकडून तिकडून रंगीत दोऱ्याच्या गाठी मारलेल्या आहेत. नाड्याचं एक टोक धरून बाळाच्या छातीभोवती तो फिरवायचा आणि जिथे येईल तिथे दोरा बांधायचा. पांढरा दोरा नुकत्याच जन्मलेल्याचा, निळा सहा महिन्यांचा, लाल वर्षाचा. नात्यागोत्यातलं आणि अंगणवाडीतलं प्रत्येक नाही, पण मावशीच्या मते ज्याच्यापासून काही शिकण्यासारखं होतं असं प्रत्येक पोर त्या नाड्यावर आहे. ती बोट ठेवत जाते आणि सांगते, "हा सुनिताचा थोरला. हा आता ट्रक चालवते. ही आपल्या घरामागची जुळी, यातली एक जास्त खाये."

हा नाडा घेऊन ती गोंदियाच्या बाजारात शिरते तेव्हा कपड्यांच्या दुकानातले लोक एकमेकांना खुणा करतात. मी एकदा तिच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं मोठ्या उत्साहानं काउंटरवर कपड्यांचा ढीग केला आणि म्हणाला, "माताजी, ये लो, जीरो टू थ्री मंथ." मावशीनं नाडा काढला, झबल्याच्या छातीवर धरला, आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"हे कोणच्या गावचं तीन महिन्याचं पोट्टं होय, भाऊ?"

"कंपनी का साइज है, माताजी."

"कंपनीनं आमच्या गावचं पोट्टं पायलं काय कधी? आमची दोन पोट्टी मावतीन यात."

"तो क्या हुआ, बच्चा बड़ा हो जाएगा ना."

"बच्चा बडा होते. पर तोवर गळ्यातून खाली पडते त्याचं काय?"

मग तिनं ते झबलं उलटं केलं, शिवण गालावर घासून पाहिली, आणि कोणाला कळायच्या आत एक बटण दातात धरून ओढलं. बटण निघालं. तिनं ते दुकानदाराच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "हे पोट्ट्याच्या नरड्यात गेलं असतं." त्यानं आतल्या माणसाला हाक मारून वरच्या फळीवरचा माल काढायला सांगितला. तिथून निघताना त्यानं मला हळूच विचारलं, "सर, ये माताजी टेलर हैं क्या?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "फिर तो और डेंजर हैं."

त्या नाड्याशी माझी ओळख मात्र बाजारात झालेली नाही. ती झाली मी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, पाहायला गेलो त्या दिवशी. चहा आला होता, वडीलधाऱ्यांचं पावसापाण्याचं बोलणं चाललं होतं, आणि माझ्या डोक्याभोवती मागून काहीतरी गुंडाळलं गेलं. ही त्यांच्याकडची एखादी पद्धत असेल असं समजून मी मान ताठ धरली आणि चेहरा शक्य तितका नम्र ठेवला. मागून आवाज आला, "डोस्कं मोठं हाय. गळ्याले खांद्यावर बटनं ठेवा लागतीन." लग्न अजून ठरायचं होतं, देण्याघेण्याचं तर सोडाच, मुलीनं होकारही दिला नव्हता, आणि मावशी होणाऱ्या बाळाच्या गळ्यापर्यंत जाऊन पोचली होती. वैशाली आतल्या दारात तोंडावर हात धरून हसत होती. मला ती त्या क्षणी आवडली, त्यामुळे माझ्या संसाराचं थोडं श्रेय त्या नाड्यालाही द्यावं लागेल.

मावशीचं म्हणणं असं की, लोक ओटीत कपडा देतात तेव्हा डोळ्यांसमोर जन्मलेलं बाळ आणतात, आणि बाळ तर वाढण्यासाठीच जन्मलेलं असतं. "जन्मलेल्याले सारं गावच देते. पुसाच्या थंडीत त्याच पोट्ट्याच्या पोटऱ्या उघड्या राह्यतेत, तवा कोनी येत नाई." म्हणून ती दिवस मोजते ते इंग्रजी कॅलेंडरवर नाही, धानावर. रोवणीत, म्हणजे भाताच्या लावणीत, जन्मलेलं पोर कापणीला तीन महिन्यांचं होतं, थंडी पडेल तेव्हा पाचाचं, म्हणजे त्याला लोकर द्यायची तर पाच-सहा महिन्यांच्या मापाची. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, होळीच्या सुमारास, जन्मलेल्याला लोकर देणाऱ्याला ती सरळ मूर्ख म्हणते, कारण त्याची पहिली थंडी येईपर्यंत ते बसायला लागलेलं असतं. गोंदियात एका मोठ्या लॉनवर माझ्या सहकाऱ्याकडचा कार्यक्रम होता, तिथे कोणीतरी कोट, पँट आणि गळ्यात लावायचा बो असा बाळाचा सूट दिला होता. सगळे वाहवा करत होते. मावशीनं बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, निवेदन करणाऱ्या मुलीच्या हातातून माईक घेतला आणि जाहीर केलं, "कोट चांगला हाय. पर हा पोट्ट्याच्या अंगाले बराबर बसन तवा मे महिना राहीन." त्या मुलीनं घाईघाईनं माईक परत घेतला. नंतर तो सूट बदलून आणला, हेही खरं.

आणि दिलं की तिचं काम संपत नाही. ती तपासणीला येते. एकदा कुठेतरी जात असताना सालेकसा स्टेशनला गाडी थांबली, मावशीला आठवलं की इथल्या एका पोराला सहा महिने झाले असणार, आणि ती उतरली. गाडी निघून गेली. त्या घरी जाऊन पाहते तर पोर उघडं आणि तिनं दिलेला गरम अंगरखा घडी करून कपाटात. "चांगला हाय म्हणून ठेवला, मावशी," घरची सून म्हणाली. मावशी म्हणाली, "कपाटाले थंडी वाजून रायली काय?" आणि स्वतःच्या हातानं पोराला घालून, तिन्ही बटणं लावून, पुढच्या गाडीनं गेली. त्या घरात आजही कोणी नवा कपडा जपून ठेवत नाही म्हणतात.

आता हे सगळं गमतीचं होतं तोवर ठीक होतं. पण माणूस कधीच चुकत नाही म्हटल्यावर लोक त्याच्याकडून भलतंच काही मागायला लागतात. मावशीची भेट नेहमी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून दोऱ्यानं बांधलेली असते. ओटीच्या कार्यक्रमात तो पुडा उघडताना बायका पुढे सरकून पाहू लागल्या. मोठं निघालं की बाळ गुटगुटीत होणार म्हणून टाळ्या, लहान निघालं की सासूबाईंचा चेहरा उतरलेला. "मी का सोनोग्राफी होय?" असं मावशी चिडून म्हणायची. पण मनातून ती थोडी सुखावायचीही, हे मी पाहिलं आहे.

वैशालीला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की बाळाची वाढ जरा मागे आहे. घाबरण्यासारखं नाही म्हणाले, पण लक्ष ठेवावं लागेल, खाणं वाढवा, आराम करा. घाबरण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणाला की माणूस ज्या प्रकारे घाबरतो, तशी वैशाली घाबरली. तिचं जेवण वाढायच्या ऐवजी कमी झालं. ताटात घेतलेलं ती बोटानं इकडचं तिकडे करायची. मी गणिताच्या माणसाला शोभेल असं समजावलं, टक्केवारी सांगितली, त्यानं ती जास्तच रडली. ओटीचा दिवस जवळ आला तेव्हा ती एका सकाळी मला म्हणाली, "अवो, मावशीले सांगा, या वेळी साडी आन म्हना. कपडे नोको."

"काऊन?" मी मुद्दाम तिच्या बोलीत विचारलं, तिला हसू येईल म्हणून. ती हसली नाही.

"ती आजवर चुकली नाई. तिनं बारकं अंगडं आनलं तं मी काय करू?"

मी गाडी काढली आणि सडक अर्जुनीला गेलो. रोवणी नुकतीच आटोपली होती, मावशी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. "जयभीम, जवाई, बसा," म्हणाली. मी बसलो, इकडचं तिकडचं बोललो, चहा झाला, आणि मग अगदी सहज सुचल्यासारखं म्हणालो, "वैशाली म्हणत होती, या वेळी साडी आणली तरी चालेल." मावशीनं सुपातून वर पाहिलंही नाही.

"डॉक्टर काय म्हनून रायला?"

मी सांगितलं. लपवण्यात काही अर्थ नव्हता. तिनं सूप बाजूला ठेवलं, पिशवीतून नाडा काढला आणि टोकापासून बोट सरकवत नेलं. सगळ्या पांढऱ्या गाठी एकीकडे जवळजवळ आहेत. त्यांच्या अलीकडे, टोकापासून वीतभर आणि वर दोन बोटं एवढ्यावर, एकच पांढरी गाठ एकटी आहे. त्या गाठीपाशी तिचं बोट थांबलं. ती गाठ कोणाची हे मी पूर्वी एकदा विचारलं होतं, तेव्हा तिनं ऐकू न आल्यासारखं केलं होतं. आता तिनं नाडा गुंडाळून ठेवला आणि म्हणाली, "जेवून जा." साडीचं काय, हे मला विचारायचं धैर्य झालं नाही. घरी येऊन वैशालीला मी खोटंच सांगितलं की मावशी हो म्हणाली.

ओटीच्या दिवशी कुडव्याचं आमचं घर भरून गेलं होतं. बुद्धवंदना झाली, वैशालीला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून बसवलं, बायकांनी गाणी म्हटली. भेटींचा ढीग वाढत होता. सगळी चकचकीत पाकिटं, सगळी जीरो टू थ्री. वैशाली सगळ्यांकडे पाहून हसत होती आणि तिची नजर दाराकडे जात होती. मावशी शेवटी उठली. तिच्या हातात साडीची पिशवी नव्हती. वर्तमानपत्राचा पुडा होता.

मी भिंतीला टेकून उभा होतो. मला त्या बाईचा राग आला. इतकी वर्षं तिचं माप बरोबर येतंय हे मान्य, पण एकदा तरी तिनं ते घरी ठेवू नये का, असं वाटलं. वैशालीनं पुडा मांडीवर घेतला, पण दोरा सोडेना. मग मावशीनंच वाकून दोरा सोडला.

आतून एक पिवळा सदरा निघाला. वैशालीनं तो उचलला आणि उलगडला, आणि तो उलगडतच गेला. त्यात तिच्या पोटातलं बाळ तीन वेळा मावलं असतं. छातीवर एक खिसा होता आणि दोन्ही खांद्यांवर बटणं.

"अवं मावशी!" शेजारची एक बाई हसत ओरडली, "हे तं वर्षाच्या पोट्ट्याचं हाय!"

"वर्षाचंच हाय," मावशी म्हणाली.

"मंग आतापासून कायले?"

"काऊन? हे पोट्टं वर्षाचं होनार नाई काय?"

"आन खिसा कायले?"

"मुरमुरे ठेवाले. वर्षाचं पोट्टं हातातले मुरमुरे सांडवते. खिशात राह्यले तं दिवसभर खाते."

बायका हसल्या. मावशी या वेळी चुकली, वयानं होतं असं, असंही कोणीतरी म्हणालं. मावशीनं मान डोलावली, जणू तिलाही ते पटलं. वैशाली मात्र कोणाकडे पाहत नव्हती. तिनं त्या खिशात दोन बोटं घातली होती आणि ती आत फिरवून पाहत होती. थोड्या वेळानं पंगत बसली तेव्हा तिनं दोन गुलगुले खाल्ले, मग वडे मागितले, मग भात. कितीतरी दिवसांनी मी तिला पोटभर जेवताना पाहिलं, आणि मला भिंतीला टेकून आलेल्या रागाची लाज वाटली.

कापणी सुरू झाली त्या आठवड्यात, तारखेच्या तीन आठवडे आधी, आम्हाला मुलगी झाली. भर दुपारी झाली, रडली, आणि दोन किलो शंभर भरली. डॉक्टर म्हणाले, लहान आहे पण चांगली आहे, उबेत ठेवा. हवेत गारवा आला होता. मी घरी जाऊन कपाटातली सगळी चकचकीत पाकिटं आणली. नर्सबाईंनी एकेक उघडून पाहिलं. एका झबल्याची बाही संपता संपेना, दुसऱ्याच्या गळ्यातून मुलीचे दोन्ही खांदे बाहेर आले. त्या वैतागून म्हणाल्या, "इतक्यात एक पण छोटं नाही का हो?" मी त्या ढिगासमोर उभा राहिलो. आयुष्यात इतका निरुपयोगी गणिताचा शिक्षक मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मावशी आली. माझा फोन गेल्याबरोबर मिळेल त्या गाडीनं निघाली होती. आल्या आल्या तिनं हात धुतले, मुलीला उचललं, किंचित वर झुलवलं, आणि पिशवीतून वर्तमानपत्राचा पुडा काढून नर्सबाईंच्या हातात दिला. आत जुन्या लुगड्याचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, दुहेरी कापडाचं एक अंगडं होतं. माझ्या तळहाताहून थोडं मोठं. खांद्यांवर बटणं होती, त्यामुळे माझ्याकडून आलेलं डोकं अडलं नाही. ते मुलीच्या अंगाला असं बसलं की नर्सबाईंनी मागे होऊन पाहिलं.

बाहेरच्या बाकावर मी मावशीला विचारलं, "हे कधी शिवलं?"

"तुमी जेवून गेले त्याच दिवशी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग ओटीत तो एवढा मोठा सदरा कशाला दिला?"

मावशीनं पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्याली. "त्या दिवशी पोट्टीचं माप घ्याचं नोहतं, जवाई. तुमच्या बायकोचं होतं. तिले वर्षभर पुरन असं काहीतरी द्या लागत होतं." मग तिनं नाडा काढला आणि ती एकटी पांढरी गाठ माझ्यासमोर धरली. "तुमी इच्यारलं होतं ना, कोनाची म्हनून? ही वैशालीची. एवढीशी होती. सारे म्हनत, एवढ्याले कायले शिवता, कपडा वाया जाईन. मले लई राग आला. माह्याजवळ टेप नोहता, परकराचा नाडा काढला, माप घेतलं आन शिवलं. मंग तिले आलं म्हनून दुसऱ्याले शिवलं." एवढं बोलून ती उठली आणि आत जाऊन वैशालीच्या उशाशी बसली. मी बाकावर बसून राहिलो. मला रडू आलं, आणि समोरून जाणाऱ्या लोकांनी ते पाहिलं तरी माझी काही हरकत नव्हती.

मुलगी वाढली, पण स्वतःच्या गतीनं. वर्षाची झाली तेव्हा घरभर धावत होती, पण अंगानं बारीकच. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वैशालीनं पिवळा सदरा काढून तिला घालून पाहिला. तो दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं ढगळ होता. मावशीचं माप पहिल्यांदाच चुकलं होतं. वैशालीनं सुई-दोरा घेतला, सदरा उलटा केला आणि दोन्ही कुशींना आतून बारीक टाके घालून तो बसता केला. मी पाहत होतो ते बघून म्हणाली, "मले का तवा कळलं नोहतं? मी मावशीजवळच वाढली. पोट्टं बारकं होनार हे तिले ठाऊक होतं, तरी धीर द्याले मोठं माप देऊन ती आपल्याले फसवून रायली हे मले खिशात हात घातल्या घातल्या समजलं. पर ती जनमात कोनाले खोटं माप देत नाई, अन माह्यासाठी दिलं, म्हनून मी जेवली."

दुसऱ्या दिवशी मावशी आली. वर्षभरात तिची नजर मंदावली होती, चष्म्याच्या काडीचा दोराही बदलायला झाला होता. पोरगी खिशात मुरमुरे भरून हिंडत होती. मावशीनं तिला ओढून मांडीवर घेतलं आणि सवयीनं सदऱ्याच्या आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं. कुशीपाशी ते बोट थांबलं. मग तिनं वैशालीकडे पाहिलं, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बराबर बसलं."

"तुझं माप कधी चुकते काय, मावशी?" वैशाली म्हणाली.

मग नाडा निघाला. मावशीनं तो पोरीच्या छातीभोवती फिरवला, पण लाल दोरा बांधताना तिला जागा नीट दिसेना. दोनदा दोरा निसटला. तिनं नाडा चिमटीत धरून वैशालीपुढे केला. पाहुणे पाहत होते. वैशालीचं बोट हळूच पुढे, जिथे बाकीच्या सगळ्या लाल गाठी जमलेल्या आहेत तिकडे सरकायला लागलं. मावशीनं तिचा हात धरला.

"नाई, बाई. नाड्यावर खऱ्या जागीच बांध. सदऱ्याचं काय, टाके उसवता येतेत."

वैशालीनं खऱ्या जागी गाठ बांधली. इतर लाल गाठींच्या अलीकडे, एकटी. मावशीनं तो नाडा परत घेतला नाही. "आता मले दिसत नाई, तूच ठेव," एवढंच म्हणाली आणि पोरीच्या खिशातला एक मुरमुरा काढून तोंडात टाकला.

यंदा मोह पडायला लागला तेव्हा एका सकाळी वैशालीनं ते टाके उसवले. सदरा पोरीच्या अंगाला अगदी नेमका बसला. तिनं लगेच सडक अर्जुनीला फोन लावला. मी शेजारी उभा होतो, मावशीचा आवाज मला ऐकू येत होता. सदरा नेमका बसल्याचं वैशालीनं सांगितलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. सर्दी झाल्याचं तिनं आपणहून सांगितलं, आणि विचारलं, "खिसा फाटला काय गं?"

"फाटला, मावशी," वैशाली म्हणाली. "मुरमुरे ठेवून ठेवून फाटला."

"मंग ठीक हाय," मावशी म्हणाली.